उपवासकाळ २०२७ : ख्रिस्ताचं अनुकरण रोजच्या दिनक्रमात बसवायचं कसं? (कोल्हापूर)

शाहूपुरी_तिसरी_गल्ली (धागाकर्ता)

आपला कॅथलिक उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) यंदा लवकर आहे. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, शुभ शुक्रवार २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. दरवर्षी पहिल्या आठवड्यात उत्साह, तिसऱ्यात विसर आणि पवित्र आठवड्यात धावपळ असं होतं. म्हणून आधीच धागा काढला.

विषय असा: उपवास, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या १४ प्रसंगांपाशी थांबत करायची प्रार्थना), दानधर्म हे सगळं आपण करतो ते ख्रिस्तासारखं होण्यासाठी. पण करताना त्याचं नुसतं वेळापत्रक होऊन बसतं. ज्यांनी हे नीट शिकलंय, शिकवलंय, त्यांनी बारीकसारीक तपशिलासह लिहावं. "श्रद्धा महत्त्वाची" एवढ्यावर थांबणारे प्रतिसाद नकोत. ती आहेच, म्हणून तर विचारतोय.

सुरुवात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायापासून करू. राखेच्या बुधवारी तोच वाचला जातो. दान, प्रार्थना, उपवास, आणि तिन्हींना एकच अट: लोकांना दिसावं म्हणून करू नका. अनुकरणाची पहिली पायरी ही अटच आहे असं मला वाटतं. कपाळाची राख हा अपवाद, तीही एक दिवसापुरती.

---

गणितमास्तर

आधी आकडे, कारण दरवर्षी इथेच घोळ होतो.

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस. त्यातले ६ रविवार वजा केले की ४०. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. उपासनेच्या हिशोबाने मात्र उपवासकाळ आज्ञा गुरुवारच्या (शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवसाच्या) संध्याकाळच्या मिस्सापूर्वी (मुख्य उपासनेपूर्वी) संपतो आणि पास्काचे (ईस्टरचे) तीन दिवस सुरू होतात.

चर्चच्या धर्मसंहितेतला नियम (कलम १२५१, १२५२):
– मांसवर्ज्य: १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना.
– उपवास: १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत.
– उपवास आणि मांसवर्ज्य दोन्ही: फक्त राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार.
– शुक्रवारी मांसवर्ज्य. या बाबतीत धर्मप्रांताचं पत्रक चर्चच्या फलकावर लागतं, ते वाचा.

म्हणजे बंधनकारक उपवास वर्षातून दोनच. बाकी जे काही करतो ते आपल्या इच्छेचं. हे लक्षात ठेवलं की स्वतःच्या पाठीवर शाबासकीची थाप जरा हळू बसते.

---

रंकाळावेस

मास्तर, उपवास म्हणजे नेमकं किती खायचं ते पण लिहा. शेजारी विचारतात, "साबुदाणा चालतो का?" आणि आपली माणसं त्यांना वेगवेगळी उत्तरं देतात.

---

गणितमास्तर

साबुदाणा चालतो, भाकरीही चालते. आपल्या उपवासात पदार्थ बदलत नाही, प्रमाण बदलतं. दिवसात एक पूर्ण जेवण, शिवाय सकाळ-संध्याकाळ थोडं काही. शिकवताना साधी मोजपट्टी देतात: दोन्ही लहान वेळा मिळून एका पूर्ण जेवणाएवढं होता कामा नये. आपल्या ताटात बसवायचं तर दुपारी नेहमीसारखं, म्हणजे दोन भाकऱ्या, आमटी, भाजी, थोडा भात. सकाळी चहा आणि एखादी चपाती. रात्री अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक किंवा पातळ मुगाची आमटी. मधल्या वेळचं चरणं बंद. पाणी कितीही प्या, निर्जळी कुणी सांगितलेली नाही.

उलट साबुदाण्याच्या खिचडीची भरगच्च ताटली, वर शेंगदाण्याचे लाडू, दही, वेफर्स असं केलं तर दोन जेवणांचं एक होतं. शेजाऱ्यांच्या उपवासाला त्यांचे नियम आहेत, आपल्याला आपले. दोन्हींतली सोय तेवढी उचलायची नाही.

---

पांढरा_रस्सा

आता कोल्हापूरचा खरा प्रश्न. शुक्रवारी मटणाचे तुकडे बाजूला काढून नुसता रस्सा घेतला तर? 😀

---

वेदीसेवक

नाव बघूनच कळलं हा प्रश्न कुठून येणार.

१९१७ च्या धर्मसंहितेत मांस आणि मांसाचं पाणी दोन्ही स्पष्ट वर्ज्य होतं. पोप पॉल सहावे यांच्या १९६६ च्या 'पेनितेमिनी' आदेशात बंदी मांसावर ठेवली; अंडी, दूध-दुभतं आणि चवीपुरती वापरलेली प्राण्यांची चरबी यांना मोकळीक दिली. त्यामुळे कुणी "अळणीचा (मटण शिजवलेल्या पाण्याचा) उल्लेख नाही" म्हणून वाद घालू शकतो. पण पांढरा रस्सा अळणीवरच उभा असतो, आणि तांबड्यातही तीच. मटण शिजवायचं, तुकडे शनिवारसाठी झाकून ठेवायचे आणि रस्सा ओरपायचा याला त्याग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मासे चालतात. पण शुक्रवारी सुरमईची थाळी मागवणं हेही त्याच माळेतलं. मटणापेक्षा महाग पडणारा मासा खाऊन नियम पाळला जातो आणि हेतू हुकतो. अख्खा मसूर, भाकरी, कांदा. संपलं.

---

डॉक्टरीण_बाई

मधुमेहींसाठी लिहिते, कारण दर राखेच्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्साला कुणीतरी चक्कर येऊन खाली बसतं.

आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना उपवासाचं बंधन नाही. यात कमीपणा काही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण कमी केलं आणि डोस तोच ठेवला की साखर उतरते. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, उगाच चिडचिड ही तिची चिन्हं. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की उपवास तिथेच सोडायचा: तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी, अजून कमी असेल तर परत तेवढीच. नंतर थोडं जेवण. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका, आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

अशांनी दुसरं काही सोडावं. मोबाइलवरचे व्हिडिओ, चहातली साखर (ती तशीही सोडायचीच आहे), दुसऱ्याबद्दल बोलणं. यातलं शेवटचं सर्वांत जड जातं.

आणि ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) घेण्याआधीचा एक तासाचा उपवास वेगळा. त्यात पाणी आणि औषध चालतं. आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना त्यातही सूट आहे. गोळी चुकवून रांगेत उभं राहू नका.

---

कसबा_बावडा

क्रुसाच्या वाटेबद्दल कुणी लिहील का? आमच्या भागात दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी करायची ठरतंय. तास-दीड तास लागतो, म्हातारी माणसं कंटाळतात, पोरं चुळबुळ करतात.

---

वेदीसेवक

१४ स्थानांना ३५ ते ४० मिनिटं पुरतात. प्रत्येक स्थानाला अडीच मिनिटं धरा: नाव जाहीर करणं, "हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो" ला गुडघा टेकणं, चार-पाच ओळींचं चिंतन, अर्धा मिनिट शांतता, एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', एक 'नमो मरिये', आणि चालता चालता गाण्याचं एक कडवं. जास्त वेळ जातो तो चिंतनामुळे. वाचणाऱ्याला पानभर मजकूर दिला की तो प्रवचन करतो. एका स्थानाला ८० शब्द, त्यापुढे कात्री.

शांतता कापू नका. वेळ कमी पडला की सगळे पहिल्यांदा तीच कापतात आणि मग वाट म्हणजे चौदा निवेदनं होतात.

काही पक्क्या गोष्टी: स्थानांची संख्या १४ ही पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये ठरवली. स्थानाचा गाभा म्हणजे लाकडी क्रूस. चित्र किंवा मूर्ती ही सोबतीला. पूर्ण इंडल्जन्ससाठी (पापाच्या उरलेल्या दंडाची माफी) वाट रीतसर स्थापलेल्या १४ स्थानांसमोर करायची, एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालायचं आणि दुःखसहनाचं चिंतन करायचं. गर्दीत सर्वांना चालता येत नसेल तर निदान चालवणाऱ्याने चालावं. तो माइक धरून वेदीपाशीच उभा राहिला तर ते बरोबर नाही. शिवाय पापनिवेदन, ख्रिस्तशरीर, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं या नेहमीच्या अटी आहेतच. ज्यांना खरोखरच येता येत नाही, अंथरुणाला खिळलेले वगैरे, त्यांनी निदान पाव तास दुःखसहनाचं वाचन-चिंतन केलं तरी चालतं.

घरी भिंतीला १४ छापील कागद चिकटवले तर प्रार्थना म्हणून उत्तम, पण ती स्थापना नव्हे. एवढा फरक सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद नको.

---

वसईची_लेक

भर घालते. स्थानं दोन प्रकारे करता येतात. पारंपरिक वाटेत तीनदा पडणं आणि वेरोनिका (येशूचा चेहरा पुसणारी बाई) ही स्थानं आहेत, ती शुभवर्तमानात नाहीत. १९९१ च्या शुभ शुक्रवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या कलोसियममध्ये पूर्णपणे शास्त्रावर आधारलेली मांडणी वापरली. ती गेथशेमानेच्या बागेपासून सुरू होते, त्यात यहुदाचा विश्वासघात, पेत्राचं नाकारणं, पश्चात्तापी चोर ही स्थानं येतात. कोल्हापुरात बऱ्याच घरांत एक बाजू प्रॉटेस्टंट असते (मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम आपल्या कॅथलिकांपेक्षा जास्त पसरलंय). अशा घरात ही मांडणी घ्या. सासरची मंडळी बायबल उघडून सोबत बसतात, वेरोनिकापाशी अडत नाहीत.

पण पारंपरिकमधलं तीनदा पडणं मला सोडवत नाही. सात आणि नऊ ही स्थानं अनुकरणाच्या दृष्टीने सर्वांत कामाची. तिसऱ्या आठवड्यात जो नेम मोडलेला असतो तो घेऊन तिथेच उभं राहायचं.

---

सुतारकाम

पवित्र आठवड्यात गल्लीतून वाट काढणार असाल तर क्रुसाबद्दल. दरवर्षी कुठेतरी आडवं लाकूड मध्येच फिरतं.

उभं लाकूड ६ फूट, आडवं साडेतीन फूट, जाडी ३ × २ इंच. सागवानात वजन साधारण ७ किलो भरतं. एवढं पुरे. दहा-बारा किलोचा केला तर बाया आणि पोरं खांदा देऊ शकत नाहीत आणि मग ठरावीक चार गडीच मिरवतात. सांधा वरून २ फुटांवर. दोन्ही लाकडांना निम्म्या जाडीची खाच पाडायची, एकमेकांत बसवायची, फेविकॉल, आणि मधून आरपार दोन बोल्ट तिरक्या रेषेत, दोन्हीकडे वायसर. एकच बोल्ट मारला की त्याच्याभोवती फिरतं. नुसते खिळे मारले की चौथ्या स्थानापर्यंत खिळखिळं होतं. नटाची बाजू पुढे ठेवा, खांद्याला लागू नये.

कडांवर रंधा मारून गोलाई द्या. खालचं टोक रस्त्यावर घासून चिरतं म्हणून तिथे सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा चुकांनी (छोट्या खिळ्यांनी) बसवा. पॉलिश नको, घामाने निसटतं.

खांदेकरी १४ ठरवा, यादी आधी वाचून दाखवा. पुढचा माणूस आधीच उजव्या अंगाला चालत हवा. नाहीतर प्रत्येक स्थानाला "कोण? कोण?" करत दोन मिनिटं जातात. मार्चमध्ये दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो, म्हणून सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. रस्त्यावरून जायचं आणि स्पीकर असेल तर पोलिस ठाण्यात अर्ज आधी.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

भारी! आता मूळ मुद्दा. हे सगळं बाहेरचं झालं. अनुकरण म्हणून दिवसभरात नेमकं काय करायचं?

---

इग्नेशियन

एक पद्धत सुचवतो. यंदा रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं 'ब' वर्ष आहे. रविवारचं शुभवर्तमान घ्यायचं, त्यातलं ख्रिस्ताचं एकच वागणं निवडायचं, आठवडाभर तेवढंच.

१४ फेब्रुवारी, मार्क १: रानातली परीक्षा. मार्कने ती दोनच वचनांत उरकलीय. दगड-भाकरीचा संवाद त्यात नाही. आहे ते एवढंच की आत्म्याने त्याला रानात घातलं आणि तो तिथे राहिला. मग या आठवड्यात राहणं: रोज १५ मिनिटं एका जागी, फोन दुसऱ्या खोलीत, वाचन नाही, गाणं नाही. तिसऱ्या दिवशी असह्य होतं. त्या वेळी उठायचं नाही, एवढाच नेम.

२१ ला रूपांतर, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप उजळतं तो प्रसंग. डोंगरावरून खाली उतरणं पकडा. आवडत्या प्रार्थनेतून उठून नावडत्या कामाला लागणं. ७ मार्च निकदेमसचा, रात्री आलेल्या माणसाला वेळ देणं. फोन करून डोकं खाणारा एक नातेवाईक प्रत्येकाला असतोच. १४ मार्च, योहान १२: गव्हाचा दाणा. एक काम असं करा ज्याचं श्रेय दुसऱ्याला जाईल, आणि जाऊ द्या.

२८ फेब्रुवारीचं मुद्दाम शेवटी. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना आसूडाने हाकलणारा येशू. या आठवड्यात लोकांना ख्रिस्ताचं अनुकरण फार लवकर जमतं! घरात, पॅरिशच्या (आपल्या चर्चमंडळीच्या) मीटिंगमध्ये आसूड फिरायला लागतात. योहानाच्या त्याच प्रसंगात तो मंदिर म्हणजे आपलं शरीर असं सांगतो. तेव्हा आसूड फिरवायचाच तर आपल्या आतल्या दुकानांवर. या आठवड्याचा नेम: चीड आली की उत्तर दुसऱ्या दिवशी.

रात्री झोपण्याआधी १० मिनिटं आत्मपरीक्षण, संत इग्नेशियसच्या पाच पायऱ्यांनी: आभार मानणं, स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं, सकाळपासून तासातासाने दिवस बघणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्याचं एक पाऊल ठरवणं. लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट चुका मोजायला बसतात. मग ती परीक्षा न राहता स्वतःची उलटतपासणी होते आणि आठवडाभरात सुटते. अंथरुणात पडून करू नका, दुसऱ्या पायरीवरच घोरायला लागाल.

---

पांढरा_रस्सा

आणि ज्यांना कडक काहीतरी करायचंय? अनवाणी चालणं, जमिनीवर झोपणं?

---

इग्नेशियन

तीन चाळण्या लावा. एक, घरातल्या दुसऱ्या कुणाला त्याचा त्रास होतो का? तुमच्या उपवासामुळे सून दोनदा स्वयंपाक करत असेल तर उपवास तिचा झाला. दोन, तुमच्या कर्तव्यात ढिलाई येते का? रात्रभर जागून सकाळी एसटी चालवायची असेल तर नको. तीन, फादरांना किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याला विचारलंय का? 'कडक' नेम माणूस स्वतःच्या मर्जीने घेतो. ख्रिस्ताने दुःखसहनाचा प्याला स्वतःच्या मर्जीने निवडला नव्हता. त्याचं नाझरेथमधलं आयुष्य तीसेक वर्षांचं, आणि त्यात कडक म्हणावं असं काही नोंदलेलं नाही. काम, घर, आज्ञापालन. संत चार्ल्स दे फुको यांनी (२०२२ मध्ये संतपद) आपलं सगळं अनुकरण त्या नाझरेथवरच उभं केलं.

अनवाणी चालायचंच तर घरच्यांना न कळता चालून दाखवा.

---

रंकाळावेस

हे पटलं. दानाचं मी लिहिते. घरात एक डबा, पारदर्शक नको. सोडलेल्या वस्तूची किंमत त्याच दिवशी डब्यात. बाहेरचा चहा-वडा सोडला, समजा रोजचे ३० रुपये, तर ४० दिवसांचे १,२०० होतात. आठवड्याच्या शेवटी हिशोब करून टाकू म्हटलं की ते पैसे भाजीत जातात. मटणाचंही तसंच, सोडलेल्या अर्ध्या किलोचा त्या दिवशीचा भाव डब्यात. नाहीतर उपवासाने आपलीच बचत होते. डबा पॅरिशमध्ये द्या. कारितास इंडिया या चर्चच्या सेवासंस्थेची उपवासकाळातली मोहीम असते, किंवा सीपीआर रुग्णालयात पेशंटसोबत आलेल्या एखाद्या गावाकडच्या कुटुंबाचं जेवण. दुसऱ्या प्रकारात फोटो काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

---

वेदीसेवक

पापनिवेदन चौथ्या रविवारच्या आत उरका. पवित्र आठवड्यात रांग लागते, फादर एकटे असतात आणि घाईत दोन्ही बाजूंना नीट होत नाही. जाताना लक्षात ठेवायचं: मागचं निवेदन कधी केलं; गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा; स्वतःचीच, नवऱ्याची किंवा जावेची नाहीत. पार्श्वभूमी लांबवू नका. दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो तिथेच करून बाहेर पडा.

राखेबद्दलही. घरातल्या मागच्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जानेवारीअखेर चर्चमध्ये आणून द्या, रिबिनी आणि प्लॅस्टिकच्या पिना काढून. त्या कडकडीत वाळलेल्या लागतात. ओलसर जाळल्या की राख काळपट, चिकट आणि धुरकट वासाची होते. लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, थोड्या थोड्या जाळायच्या. गार झाल्यावर खलात कुटून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची. जाड कण राहिले तर ते डोळ्यात जातात.

पाणी घालून लगदा अजिबात करू नका! राखेत क्षार असतात, पाण्याने त्यांचं तिखट अल्कली होतं आणि कपाळ चुरचुरतं, नाजूक कातडी भाजतेसुद्धा. कोरडीच लावा, किंवा डोक्यावर टाका. अगदीच धरत नसेल तर थेंबभर तेल. उरलेली राख बेसिनमध्ये धुवायची नाही, झाडाच्या मुळाशी मातीत.

---

हार्मोनियम

गायनवृंदाकडून विचारतोय. पेटी आणि तबला बंद ठेवायचा का? आमच्यात दोन मतं आहेत.

---

वेदीसेवक

बंद नाही. उपवासकाळात वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून. नुसती धून, मधले लांबलचक तुकडे, शेवटची जोरदार तिहाई नको. तबला ठेवलात तर ठेका साधा. 'आलेलुया' पूर्ण बंद, अगदी १९ मार्चलासुद्धा. चौथ्या रविवारी, ७ मार्चला, वाद्यं आणि वेदीवर फुलं दोन्हींना मोकळीक आहे; फादरांचा झगाही त्या दिवशी गुलाबी असू शकतो. आज्ञा गुरुवारी ग्लोरिया (गौरवगीत) झाली की वाद्यं पास्काच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत पुन्हा आधारापुरतीच. आमच्याकडे तर पेटीला कुलूपच लागतं. ते बरं पडतं.

शुभ शुक्रवारी एक पाहा: क्रुसाची आराधना झाल्यापासून पास्काच्या जागरणापर्यंत क्रुसासमोर गुडघा टेकायचा. एरवी गुडघा टेकायचा तो पवित्र पेटीतल्या ख्रिस्तशरीराला; क्रुसाला नुसतं वाकून नमन. हा एका दिवसाचा बदल आपल्याकडे नव्वद टक्के लोक विसरतात, वेदीवरची पोरंही. आधी सराव घ्या.

---

पांढरा_रस्सा

१९ मार्चला काय आहे? तो तर शुक्रवार.

---

गणितमास्तर

संत जोसेफ यांचा महासण. महासण शुक्रवारी आला की मांसवर्ज्य नाही (१२५१ मध्येच लिहिलंय). ग्लोरियाही म्हणायची. २५ मार्चचा देवदूताच्या संदेशाचा महासण मात्र यंदा आज्ञा गुरुवारी येतो, त्यामुळे तो ५ एप्रिल, सोमवारी पुढे ढकलला जाईल.

---

पांढरा_रस्सा

म्हणजे १९ ला शुक्रवारी तांबडा-पांढरा, तोही नियमात बसवून! मास्तर, तुमच्या घरी येतो.

---

गणितमास्तर

या. डबा घेऊन या, मटणाचे पैसे तुमच्याकडून.